लुसर्नच्या कोरड्या तळ्यावरून

मागच्या अंकात मी कॅलिफोर्नियातल्या लुसर्नच्या कोरड्या तळ्यावर रॉकेटं उडवण्यात घालवलेल्या एका शनिवारबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली, की संपादकांनी या वेळचं सगळं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. पत्रं लांब होती, म्हणून प्रश्नांपुरती थोडक्यात दिली आहेत.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख सांगते. मी मूळची कोल्हापूरची. शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं, तिथे मापपट्टी आणि कॅलिपर हाताळत मोठी झाले. लग्नानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात आले आणि विमानाच्या सुट्या भागांची तपासणी करण्यात नोकरी गेली. लेकीच्या शाळेने रॉकेट स्पर्धेत भाग घेतला, त्या वेळी मी ४७ वर्षांची होते. त्या स्पर्धेत रॉकेटमधून कच्चं अंडं वर पाठवतात आणि ते न फुटता खाली यावं लागतं. लेक पुढे कॉलेजला गेली, मी मात्र यातच राहिले. गेली चौदा वर्षं महिन्याचा एक शनिवार मी मोहावी वाळवंटातल्या त्या तळ्यावर असते.

प्रश्न : ताई, मी ३८ वर्षांचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे. मुलाबरोबर हातभर लांबीची रॉकेटं मैदानावर उडवून झाली. आता खरं मोठं बांधायचंय. एका व्हिडिओत दहा फुटी रॉकेट पाहिलं, तसंच करावं असं मनात आहे. सुरुवात कशी करू?
— एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर : दहा फुटी नक्की बांधा, पण चौथं किंवा पाचवं म्हणून. पहिलं साडेचार-पाच फुटांचं, चार इंच व्यासाचं, जाड पुठ्ठ्याच्या नळीचं असू द्या.

आधी ‘मोठं’ कशाला म्हणायचं ते सांगते, कारण इथे त्याची मोजणी ठरलेली आहे. मोटर, म्हणजे रॉकेटमधली इंधन भरलेली नळी, किती जोर किती वेळ लावते, त्याचा गुणाकार न्यूटन-सेकंदांत मोजतात आणि त्यावरून तिला इंग्रजी अक्षर देतात. प्रत्येक अक्षरागणिक वरची मर्यादा दुप्पट होते. तुम्ही मुलाबरोबर उडवल्या त्या बहुधा ए, बी, सी असतील. सी म्हणजे जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद. जी १६० पर्यंत, एच ३२० पर्यंत, आय ६४० पर्यंत. एचपासून पुढे सगळं ‘हाय पॉवर’. काठोकाठ भरलेली एच ही सीच्या ३२ पट असते. म्हणून हातभर रॉकेटवर चालून गेलेल्या चुका इथे चालत नाहीत. मोटर लहान असली, पण रॉकेट दीड किलोच्या वर गेलं किंवा इंधन १२५ ग्रॅमच्या वर गेलं, तरी ते याच वर्गात मोडतं.

एच मोटर घ्यायची तर प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेत दोन संस्था ते देतात : नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि त्रिपोली रॉकेट्री असोसिएशन. लेव्हल वनमध्ये एच आणि आय, लेव्हल टूमध्ये जे, के, एल आणि लेव्हल थ्रीमध्ये एम, एन, ओ. लेव्हल वनसाठी स्वतः बांधलेलं रॉकेट एच किंवा आय मोटरवर उडवायचं. पॅराशूट उघडलं पाहिजे, मोटर आतच राहिली पाहिजे आणि रॉकेट इतकं धड हवं, की नवी मोटर घालून लगेच परत उडवता येईल. तपासणारा माणूस ते हातात घेऊन फिरवून बघतो. किती उंच गेलं हे कुणी विचारत नाही.

म्हणूनच मी चार इंची नळी सांगते. जाड रॉकेटला हवेचा अडथळा जास्त, त्यामुळे ते बेताचंच वर जातं. दीड-पावणेदोन किलोचं चार इंची रॉकेट लहानशा एचवर ४०० मीटरच्या आसपास पोचतं. तेवढ्यावर साध्या डोळ्यांना सगळं दिसतं : वळलं कधी, पॅराशूट कधी निघालं, कुठे पडलं. हौसेपोटी बारीक, चकचकीत रॉकेट घेऊन त्यात आय घालणारे मी दर वर्षी बघते. ते दीड-दोन किलोमीटर वर जातं, दिसेनासं होतं आणि नंतर माणूस दिवसभर वाळवंटात चालत राहतो.

मोटरवरचा आकडा वाचायला शिका. ‘एच १२८’ यातला १२८ म्हणजे सरासरी जोर, न्यूटनमध्ये. तुमचं रॉकेट मोटरसकट १.६५ किलो भरलं, तर त्याचं वजन साधारण १६ न्यूटन. म्हणजे जोर वजनाच्या आठपट. पाचपटीच्या खाली मी तरी जात नाही. कारण सुटताना रॉकेट रेलला, म्हणजे उभ्या रोवलेल्या दांडीला, धरून वर सरकतं आणि रेल संपेपर्यंत त्याला इतका वेग यावा लागतो, की फिन, म्हणजे शेपटीचे पंख, हवेला धरतील. वरच्या आकड्यांत दोन मीटर रेलवर ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेग येतो. तेवढा पुरतो.

बांधणीला दोन आठवडे द्या, घाई नको. फिन प्लायवूडचे घ्या आणि नळीला चिरा पाडून थेट आतल्या मोटर-नळीपर्यंत जाणारे घ्या. नुसते बाहेरून चिकटवलेले फिन तळ्याच्या कडक मातीवर पहिल्याच आपटीत सुटतात. चिकटवायला इपॉक्सी तीस मिनिटांचं वापरा. पाच मिनिटांचं लवकर घट्ट होतं, पण फिन सरळ करायला हाताला वेळच मिळत नाही. चिकटवायच्या जागेवरची चकाकी पॉलिश पेपरने घालवा. वडील म्हणायचे, चिकटणारं सगळं खरखरीत पृष्ठभागावर जगतं. वर्कशॉपमधलं ते वाक्य मला इथे दर वेळी उपयोगी पडतं.

प्रश्न : मावशी, मी अकरावीत आहे. माझं रॉकेट बांधून, रंगवून झालं. ओपनरॉकेट या सॉफ्टवेअरमध्ये आधी स्थिरता १.२ दाखवत होती, पण खरं वजन करून आकडे भरल्यावर ०.८ आली. मित्र म्हणतो चालतं. तुम्ही सांगा.
— एक विद्यार्थिनी, सॅन डिएगो

उत्तर : चालत नाही गं. तू खरं वजन करून पुन्हा आकडे भरलेस, ही फार मोठी गोष्ट केलीस. बहुतेक जण किटच्या कागदावरचा आकडा धरून चालतात.

हा आकडा काय सांगतो ते नीट समजून घे. रॉकेटमध्ये दोन बिंदू महत्त्वाचे. एक गुरुत्वमध्य, म्हणजे बोटावर तोलून धरलंस तर जिथे तुलेल ती जागा. दुसरा दाबमध्य, म्हणजे बाजूने येणारी हवा सगळी मिळून जिथे ढकलते ती जागा. हवेत रॉकेट गुरुत्वमध्याभोवती फिरतं. दाबमध्य त्याच्या मागे असेल, तर रॉकेट जरा वाकडं झालं की हवा शेपटीला परत जागेवर ढकलते आणि नाक सरळ राहतं. बाणाची पिसं हेच करतात. दिवाळीतल्या रॉकेटची काडी मोडून उडवलं तर ते जमिनीवर कसं सैरावैरा पळतं, ते तू भारतात पाहिलं असशील. दाबमध्य पुढे आला की मोठं रॉकेटही तेच करतं आणि तेव्हा मागे ३० मीटरवर माणसं उभी असतात.

दोन्ही बिंदूंमधलं अंतर किमान एका व्यासाएवढं हवं, असा आपला नियम आहे. तुझं रॉकेट चार इंची, म्हणजे १० सेंटिमीटर. तुझ्याकडे आठच आहेत. दाबमध्य काढायची रीत जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये मांडली. ते नासात अभियंता होते आणि या छंदातलेच होते. तू वापरतेस त्या ओपनरॉकेटच्या पोटात तीच समीकरणं आहेत.

आता चार सेंटिमीटर गेले कुठे? माझ्या पहिल्या रॉकेटचे जिथे गेले तिथेच गेले असावेत. फिन भक्कम हवेत म्हणून मी मुळाशी इपॉक्सीच्या जाड कडा भरल्या, आतून भरल्या, वर रंगाचे चार हात दिले. शेपटीकडे दीडशे ग्रॅम वाढले. ती जागा गुरुत्वमध्यापासून ४५ सेंटिमीटर मागे. दीड किलोच्या रॉकेटमध्ये एवढ्यानेच तोल चार सेंटिमीटर मागे सरकतो, गुणाकार करून बघ. मी ते केलं नव्हतं. तळ्यावर सुरक्षा अधिकारी गृहस्थांनी रॉकेट हातात घेतलं, दोन बोटांवर तोललं आणि विचारलं, “दाबमध्याची खूण कुठे आहे?” मी खूणच केली नव्हती. त्यांनी शांतपणे रॉकेट परत दिलं. त्या दिवशी ते उडलं नाही आणि मी आजही त्यांची ऋणी आहे.

घरी येऊन नोजकोनच्या, म्हणजे रॉकेटच्या निमुळत्या नाकाच्या, टोकात पोलादी नट टाकले आणि वरून इपॉक्सी ओतलं. साधारण ११० ग्रॅम. टोक गुरुत्वमध्यापासून लांब असल्यामुळे तिथे कमी वजनात काम भागतं. तूही तेच कर. नट सुटे ठेवू नकोस, झटक्याने निघाले तर नोजकोनचा खुळखुळा होतो आणि तोलही जातो.

तोलताना पॅराशूट, दोर, न जळलेली मोटर, सगळं आत असू दे. मोटर मागे असते, जळताना हलकी होत जाते आणि तोल पुढे सरकतो. म्हणजे सर्वांत वाईट अवस्था सुटतानाचीच, तीच मोजायची. मग मार्करने दोन्ही जागी खुणा कर. मात्र भीतीपोटी तीन-चार व्यासांचं अंतरही करून ठेवू नकोस. तसलं रॉकेट जरा वारा लागला की वाऱ्याकडे मान वळवतं आणि वर जायच्या ऐवजी आडवं धावतं. दीडच्या आसपास छान.

प्रश्न : लेव्हल वनचा पहिला प्रयत्न फसला. रॉकेट सरळ गेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण पॅराशूट उशिरा उघडलं, पॅराशूट रॉकेटला बांधणाऱ्या दोराने नळी हातभर चिरली. प्रमाणपत्र मिळालं नाही. नवरा म्हणतो, वर तर गेलं ना! मला मात्र रात्रभर झोप नाही. काय चुकलं?
— एक वाचक, फिनिक्स

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझी दुसरी खेप आठवली. वजन दुरुस्त करून गेले आणि नेमकं हेच झालं. तळ्यावर या चिरेला ‘झिपर’ म्हणतात, इतकी ती नेहमीची आहे.

सांगते कसं होतं. मोटर जेमतेम दीड सेकंद जळते. त्यानंतर रॉकेट नुसत्या वेगावर वर जात राहतं. त्या वेळात मोटरच्या वरच्या टोकाला एक सावकाश जळणारा थर जळत असतो. तो संपला की थोडी काळी दारू, म्हणजे बंदुकीची दारू, पेटते, नोजकोन ढकलला जातो आणि पॅराशूट बाहेर येतं. हा थर किती सेकंद जळावा ते आपण ठरवायचं. मोटरच्या नावात शेवटी १४ असेल, तर ती जशीच्या तशी वापरल्यास १४ सेकंद थांबते. कंपनी एक हत्यार देते, त्याने थराला भोक पाडून सेकंद कमी करायचे. चार इंची रॉकेट मोटर विझल्यावर सात-साडेसात सेकंदांत शिखरावर पोचतं. मी घाईत ते भोक पाडायलाच विसरले. रॉकेट शिखरावरून उलटलं, साडेसहा सेकंद खाली कोसळत राहिलं आणि ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या वेगात असताना पॅराशूट उघडलं. दोर पुठ्ठ्यातून सुरीसारखा गेला. तुमचंही सेकंदांचंच गणित चुकलेलं दिसतं. पुढच्या वेळी ओपनरॉकेटमध्ये खऱ्या वजनाने शिखराची वेळ काढा, पाडलेल्या भोकाचा आकडा कागदावर लिहा आणि तो कागद दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. मी अजून असंच करते.

बाकीचंही बघून घ्या, कारण उशीर एकट्याने एवढं नुकसान करत नाही. दोर रॉकेटच्या लांबीच्या तीन ते पाच पट हवा, म्हणजे झटका दोरातच विरतो. किटमधला दोर बऱ्याचदा आखूड असतो. नोजकोन फार घट्ट बसत असेल तर उशिरा सुटतो. तो मास्किंग टेपने असा बसवा, की रॉकेट नाकाला धरून उचललं तर निघू नये, पण जरा हिसडा दिला की निघावा. पॅराशूटभोवती न जळणाऱ्या कापडाचा चौकोन गुंडाळा, नाहीतर गरम वायूने नायलॉन वितळून गोळा होतं.

पॅराशूट केवढं? १.५ किलोच्या रॉकेटला तीन फुटी घातलं, तर कापडाच्या शिवणीवर अवलंबून ते सेकंदाला पाच ते सात मीटर वेगाने उतरतं. लुसर्नच्या भाजलेल्या मातीवर मी सहाच्या वर जात नाही, गवताळ रानात सातही चालतो. लोक म्हणतात, मग आणखी मोठं घाला. पण ४०० मीटरवरून सेकंदाला सहा मीटरने उतरायला ६७ सेकंद लागतात. वारा सेकंदाला पाच मीटर असेल, तर तेवढ्यात रॉकेट ३३५ मीटर वाहून जातं. मोठं पॅराशूट म्हणजे आणखी लांब चालणं, किंवा रॉकेट थेट डांबरी रस्त्यावर. आमच्या तळ्यावर दुपारनंतर वारा उठतो, म्हणून मी पहिलं उड्डाण नेहमी सकाळी करते.

तुमच्या यजमानांना सांगा, वर जायची जबाबदारी मोटरची असते आणि मोटर कारखान्यातून तयार येते. आपण स्वतः बांधतो तो सगळा भाग खाली येण्यासाठी असतो. तुम्हाला झोप लागली नाही, यावरून तुम्ही हा छंद नीट धरला आहे असं मला वाटतं. चिरलेला भाग सरळ कापा, जोडनळी घालून नवा तुकडा लावा. माझं ते रॉकेट पुढच्याच महिन्यात पास झालं. सांधा अजून दिसतो, मी त्यावर मुद्दाम रंग दिला नाही.

प्रश्न : नमस्कार मॅडम. तुमचा लेख माझ्या बहिणीने अमेरिकेतून पाठवला. मी सांगलीत डिप्लोमाला आहे. इथे अशा मोटरी मिळत नाहीत. सोरा आणि साखर गॅसवर वितळवून मोटर करायची पद्धत इंटरनेटवर आहे. प्रमाण बरोबर आहे का, तेवढं सांगा.
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : प्रमाण सांगणार नाही आणि तूही ते करू नकोस. रागाने म्हणत नाही, काळजीने म्हणते.

तू ज्या वळणावर उभा आहेस, तिथूनच हा छंद जन्माला आला. १९५० च्या दशकात अमेरिकेत मुलं तळघरात, गॅरेजमध्ये नळ्यांत मिश्रणं ठासत होती आणि बोटं, डोळे, जीव गमावत होती. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स या क्षेपणास्त्र केंद्रात काम करणारे हॅरी स्टाइन यांनी खरे रॉकेट-अभियंते किती जपून काम करतात यावर लेख लिहिला. तो नेब्रास्कातल्या नॉरफोकमध्ये बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल यांनी वाचला. त्यांना शोभेच्या दारूची चांगली जाण होती आणि त्यांनी कागदी रॉकेट केलं होतं : मोटर वेगळी, बंद, एकदाच वापरायची आणि खाली यायला पॅराशूट. त्यांनी ती रॉकेटं स्टाइनना पाठवली. १९५७ मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री उभी राहिली, ती यातून. त्याच ऑक्टोबरमध्ये स्पुटनिक वर गेला आणि प्रत्येक पोराला रॉकेट हवंसं झालं. मग व्हर्न एस्टिस यांनी मोटरी भरायचं यंत्रच बनवलं, त्याचं नाव ‘मेबल’. दारू ठासायचं काम पोरांच्या हातातून काढून यंत्राला दिलं, म्हणून ती पिढी धडधाकट राहिली. मी आज एम मोटर उडवणाऱ्यांबरोबर उभी राहते, तीही याच पायावर.

वितळलेलं मिश्रण गॅसवर असताना कढईच्या एका कडेला जास्त तापलं तर पेटतं आणि पेटलेलं विझवता येत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू सोऱ्यातूनच मिळत असतो. शिवाय परवान्याशिवाय असं बनवणं १८८४ च्या स्फोटक कायद्याच्या कक्षेत येतं. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

मग तू काय करावंस? पाण्याचं रॉकेट कर. ऐकायला पोरकट वाटेल, पण करून बघ. सोडावॉटरची प्लास्टिकची बाटली घ्यायची, कारण तीच दाब सहन करते. साध्या पाण्याची बाटली नको. एक तृतीयांश पाणी, सायकलच्या पंपाने हवा, दाब चार बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, दोरीने ओढून लांबून सोडायचं. चरा पडलेली बाटली टाकून द्यायची. यात फिन आहेत, तोल आहे, दाबमध्य आहे. शिखरावर पॅराशूट सोडायचं यंत्र तू स्वतः बनवलंस, तर मी वर ज्या गोष्टी लिहिल्या त्यातल्या बहुतेक तुला हाताने कळतील. ओपनरॉकेट फुकट आहे, ते आजच उतरवून घे. भारतात इन-स्पेस या सरकारी अवकाश संस्थेने विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅट, म्हणजे डब्याएवढ्या नमुना-उपग्रहांच्या स्पर्धा सुरू केल्या आहेत. तिथे मोटरीची व्यवस्था जाणत्या देखरेखीखाली होते. कॉलेजातल्या एका सरांना पटवून संघ कर. पाण्याच्या रॉकेटचा पॅराशूट उघडला की मला फोटो पाठव, मी खरंच वाट बघेन.

प्रश्न : हे सगळं कायदेशीर आहे का? मोटर घरी ठेवता येते का? आणि दुसऱ्या राज्यातल्या मेळाव्याला जाताना विमानातून नेता येईल का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : विमानातून अजिबात नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि सामानातही नाही. मेळाव्यात विक्रेते असतात, त्यांच्याकडून तिथेच घ्या.

मोठ्या रॉकेटला विमान वाहतूक खात्याची, म्हणजे एफएएची आधी परवानगी लागते. ती क्लब काढतो, म्हणून एकट्याने कुठल्या शेतात जाऊन उडवू नका. मोटरमधलं इंधन अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड आणि रबरासारखा बांधणारा पदार्थ यांचं असतं. स्पेस शटलच्या बाजूच्या दोन पांढऱ्या रॉकेटांतही याच जातीचं होतं. हे स्फोटक मानायचं की नाही यावर प्रमाणपत्र देणाऱ्या त्या दोन्ही संस्था सरकारशी कित्येक वर्षं कोर्टात भांडल्या आणि २००९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यामुळे आता ते घ्यायला स्फोटकांचा परवाना लागत नाही. पण राज्यांचे नियम वेगळे असतात. आमच्या कॅलिफोर्नियात मोटर राज्याच्या अग्निशमन प्रमुखांच्या मान्य यादीत असावी लागते. तुमच्याकडचं क्लबला विचारा. घरी ठेवायचीच तर थोडीच, थंड कोरड्या जागी, कुलपात, आणि पेटवायच्या तारा वेगळ्या पेटीत.

प्रश्न : आमचे मामंजी ७८ वर्षांचे, महिनाभर इथे आलेत. त्यांना बघायला यायचंय. झेपेल का? काय काय न्यावं?
— एक वाचक, अर्वाइन

उत्तर : अवश्य आणा त्यांना. आमच्याकडे प्रेक्षकांना काही पैसे पडत नाहीत. तळ्यावर झाड नाही, सावली नाही, नळ नाही, दुकान नाही. तंबू किंवा मोठी छत्री, पाठ टेकायची खुर्ची, माणशी चार लिटर पाणी, टोपी आणि त्यांची औषधं घ्या. पोटाला थालीपीठ किंवा दशम्या उत्तम, गरम करायला लागत नाहीत. दही नको, दहापर्यंत आंबून जातं. जुलै-ऑगस्ट टाळा.

एक नियम त्यांना घरीच समजावून सांगा. भोंग्यावरून ‘हेड्स अप’ ऐकू आलं की बसलेल्याने उठून आकाशाकडे बघायचं, जमलं तर रॉकेटकडे बोट दाखवायचं. पॅराशूट न उघडलेलं रॉकेट कुठे येतंय, ते सगळ्यांना कळावं म्हणून. उठायला वेळ लागत असेल तर त्यांच्या शेजारी एक जण उभाच राहू दे. आवाजाची सवय नसेल तर पहिल्या आय मोटरला दचकतील, मग पुढचं रॉकेट कधी म्हणून तेच विचारायला लागतील.

प्रश्न : लेव्हल वन गेल्या महिन्यात झालं! आता लेव्हल टूची परीक्षा, इलेक्ट्रॉनिक्स, फायबरग्लासचं रॉकेट, सगळं एकदम डोक्यात आहे. कशाला हात घालू?
— एक वाचक, सॅक्रामेंटो

उत्तर : अभिनंदन, अगदी मनापासून. आता तेच पुठ्ठ्याचं रॉकेट आणखी दहा वेळा उडवा.

वेगवेगळ्या मोटरी घाला, वेगवेगळ्या वाऱ्यात उडवा आणि दर वेळी वहीत लिहा : वजन, मोटर, सेकंद, वारा, किती लांब पडलं, काय मोडलं. चौथ्या-पाचव्या उड्डाणाला तुमचा अंदाज आणि प्रत्यक्ष जवळ यायला लागतात. तो दिवस प्रमाणपत्राच्या दिवसाइतकाच आनंदाचा असतो. त्याच रॉकेटमध्ये एक छोटा अल्टिमीटर नुसता प्रवासी म्हणून ठेवा. तो हवेच्या दाबावरून उंची मोजतो, म्हणून त्याच्या कप्प्याला बाहेरची हवा आत जाईल अशी छिद्रं हवीत. पॅराशूट मोटरच सोडू दे, यंत्राने फक्त नोंद ठेवायची. दोन-तीनदा त्याची नोंद नीट आली की मग त्याच्या हातात पॅराशूट द्या. तेव्हा शिखरावर छोटं पॅराशूट आणि जमिनीपासून दीडशे-दोनशे मीटरवर मोठं, अशी दोन टप्प्यांची उतरण करता येते. रॉकेट दीड किलोमीटर वर जाऊनही जवळच पडतं. काळ्या दारूचं प्रमाण मात्र आधी जमिनीवर, रॉकेट आडवं ठेवून, जाणत्या माणसाला शेजारी घेऊन तपासा. अल्टिमीटर चालू करायचा तो रॉकेट रेलवर उभं केल्यावरच. हा क्रम एकदाही मोडू नका.

लेव्हल टूची लेखी परीक्षा अवघड नाही. प्रश्नसंच आधीच मिळतो, आठवडाभर वाचलात तर होईल. एच, आयला आपण ३० मीटर मागे उभे राहतो, के मोटरला ते अंतर ६० मीटर होतं आणि एमला १५० च्या पुढे. हे आकडे पाठ असले तरी पहिल्यांदा के पेटताना आपोआप आणखी दोन पावलं मागे जाल, जा. पेटवूनही रॉकेट सुटलं नाही तर पूर्ण ६० सेकंद मोजायचे, मगच जवळ जायचं. मी ते मोठ्याने मोजते, मराठीत. आता आमच्या रांगेतल्या दोन अमेरिकन पोरांनाही एक ते साठ येतं.

फायबरग्लास लेव्हल टू झाल्यावर घ्या. त्याची धूळ फुप्फुसांना वाईट, चांगला मास्क लावून, ओल्या पॉलिश पेपरने आणि घराबाहेर घासायचं. आणि तुमची ती वही झाली की मला दाखवायला आणा. दुसऱ्या शनिवारी सकाळी सातच्या आत आलात, तर वारा उठायच्या आधी दोन उड्डाणं होतील.